न पोचलेल्या पत्राची मोजणी : ई-मेल सर्व्हरची उपलब्धता आणि कार्यमान

१. विषयाचे स्वरूप

बिघाड कसा कळून येतो, या दृष्टीने दळणवळणाच्या साधनांचे दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गात दूरध्वनी येतो. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींच्या काळचा दूरध्वनी आजही जपून ठेवलेला आहे. अशा यंत्राची तार तुटली तर श्रवणी कानाला लावताच ते ध्यानात येते. बिघाड आणि बिघाडाचे ज्ञान यांत अंतर राहत नाही. पत्र दुसऱ्या वर्गात मोडते. पत्र आले नाही, तर ते कोणी लिहिलेच नाही की लिहिलेले वाटेत अडकले, याचा निर्णय ज्याला ते मिळावयाचे त्याला करता येत नाही. न आलेले पत्र आणि न लिहिलेले पत्र ही त्याच्या दृष्टीने सारखीच असतात. ई-मेल हे तारांवरून वेगाने जात असले तरी या बाबतीत ते दूरध्वनीच्या कुळातले नसून पत्राच्या कुळातले आहे. त्याच्या निरीक्षणाचे सारे प्रश्न या एका गोष्टीतून उद्भवतात.

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. १९३६ च्या एप्रिलमध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास आले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील प्रसिद्ध स्थानक. दोन्ही नावांच्या साम्यामुळे टपालात घोटाळा होऊ लागला, आणि १९४० मध्ये सेगावचे नाव बदलून सेवाग्राम असे ठेवण्यात आले. या घोटाळ्यात कोणतीही कचेरी बंद नव्हती, कोणतीही गाडी चुकली नव्हती, कोणतेही यंत्र नादुरुस्त नव्हते. व्यवस्थेचा प्रत्येक भाग आपापले काम करीत होता. तरी पत्र योग्य स्थळी पोचत नव्हते. ‘यंत्र चालू आहे’ आणि ‘पत्र पोचते आहे’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिले सिद्ध केल्याने दुसरे सिद्ध होत नाही.

आज या जिल्ह्यात १९६९ साली स्थापन झालेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, १९९७ साली स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, आणि अनेक महाविद्यालये आहेत. अशा संस्थांमध्ये प्रबंधाच्या परीक्षकाची संमती, अनुदानाच्या अर्जाची मुदत, मुलाखतीचे बोलावणे, रुग्णाच्या तपासणीचा अहवाल या गोष्टी ई-मेलने होतात. त्यांपैकी एखादे पत्र पोचले नाही तर त्याची किंमत विद्यार्थ्याच्या वर्षाने किंवा रुग्णाच्या दिवसांनी मोजावी लागते. आणि बहुधा ती मुदत उलटल्यावरच कळते. ती आधी कळावी, हाच निरीक्षणाचा हेतू होय.

२. पत्राचा मार्ग

ई-मेलच्या प्रेषणाचा नियम, ज्याला एस.एम.टी.पी. असे म्हणतात, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून प्रसिद्ध केला. त्याची सुधारलेली आवृत्ती २००८ ची आहे. पाठविणारा सर्व्हर प्रथम नावांच्या निर्देशिकेत, म्हणजे डी.एन.एस. मध्ये, गंतव्य संस्थेचे टपाल कोणत्या यंत्राकडे द्यावयाचे ते पाहतो. नंतर त्या यंत्राशी जोडणी करून प्रेषकाचा पत्ता, ग्राहकाचा पत्ता आणि मजकूर अशा क्रमाने पत्र सुपूर्त करतो. प्रत्येक पायरीला समोरचा सर्व्हर तीन अंकी उत्तर देतो. २ ने सुरू होणारे उत्तर स्वीकृतीचे. ४ ने सुरू होणारे ‘तूर्त शक्य नाही, पुन्हा या’ अशा अर्थाचे. आणि ५ ने सुरू होणारे कायमच्या नकाराचे.

या नियमातील दोन तरतुदी निरीक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, समोरचा सर्व्हर बंद असेल किंवा ‘पुन्हा या’ म्हणत असेल, तर पाठविणाऱ्याने पत्र टाकून द्यावयाचे नसते. ते रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करावयाचा असतो. दोन प्रयत्नांत निदान ३० मिनिटांचे अंतर असावे आणि निदान ४ ते ५ दिवस प्रयत्न चालू ठेवावा, अशी शिफारस आहे. दुसरी तरतूद अशी की, संपूर्ण मजकूर घेऊन एकदा स्वीकृतीचे उत्तर दिले की पत्राची जबाबदारी स्वीकारणाऱ्याकडे जाते. पाठविणारा आपली प्रत काढून टाकतो आणि त्याच्या लेखी काम पूर्ण होते.

३. बिघाडाचे तीन प्रकार

वरील दोन तरतुदींवरून बिघाडाचे तीन प्रकार स्पष्ट होतात. पहिला प्रकार ‘मौनाचा’. सर्व्हर बंद पडला, वीज गेली किंवा तार तुटली. अशा वेळी बाहेरची पत्रे पाठविणाऱ्यांच्या रांगेत थांबतात. सर्व्हर ४ दिवसांच्या आत सुरू झाला तर बहुतेक सर्व पत्रे उशिरा का होईना, पण येतात.

दुसरा प्रकार ‘खोट्या नकाराचा’. सर्व्हर चालू आहे, परंतु त्याला आपल्याच ग्राहकांची यादी वाचता येत नाही. आणि ‘या नावाचा कोणी येथे नाही’ असे ५५० क्रमांकाचे उत्तर तो सर्वांना देत सुटतो. येथे पत्र तत्क्षणी परत जाते. प्रेषकाला ते कळते एवढाच दिलासा. मात्र प्रेषक हे एखादे स्वयंचलित यंत्र असेल तर तोही नाही.

तिसरा प्रकार ‘खोट्या होकाराचा’. पत्र स्वीकारले जाते, परंतु आतल्या रांगेत अडकते, चुकीच्या पेटीत जाते किंवा अनिष्ट पत्रांच्या गाळणीत पडते. प्रेषकाजवळ स्वीकृती आहे, ग्राहकाजवळ काहीच नाही, आणि दोघांपैकी कोणालाही शंका येण्याचे कारण नाही. सेगावच्या टपालाचा प्रकार याच जातीचा होता.

यावरून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. पूर्ण बंद पडलेला सर्व्हर हा अर्धवट चालणाऱ्या सर्व्हरपेक्षा कमी घातक असतो. परंतु निरीक्षणाची जी पद्धत सर्रास आढळते, ती सर्व्हर हाकेला ओ देतो की नाही एवढेच पाहते. म्हणजे तीन प्रकारांपैकी सर्वांत सौम्य प्रकार तेवढा पकडते. ज्या सर्व्हरला निश्चितपणे दुरुस्त करता येत नाही, तो तात्पुरता बंद ठेवणे किंवा त्याने सर्वांना ४ ने सुरू होणारे उत्तर द्यावे अशी योजना करणे, हे खोटा नकार किंवा खोटा होकार चालू ठेवण्यापेक्षा श्रेयस्कर होय. अर्थात् मौनालाही मर्यादा आहे. दिवाळीच्या सुट्टीत सर्व्हर बंद पडला आणि सहाव्या दिवशी लक्षात आला, तर मौनाचेही रूपांतर हानीत झालेले असते.

४. उपलब्धतेचे गणित

दोन बिघाडांमधील सरासरी काळ ‘क’ आणि दुरुस्तीचा सरासरी काळ ‘द’ मानल्यास उपलब्धता म्हणजे क भागिले (क + द). वर्षाचे तास ८,७६०. उपलब्धता ९९ टक्के असेल तर वर्षात ८७.६ तास सेवा बंद राहते, ९९.९ टक्के असेल तर ८.७६ तास, आणि ९९.९९ टक्के असेल तर सुमारे ५३ मिनिटे.

सर्व्हर एकटा काम करीत नाही. वीज, बाहेरची जोडणी, नावांची निर्देशिका, साठवणीच्या तबकड्या आणि ओळख पटविणारी यंत्रणा अशा पाच गोष्टी एकाच वेळी चालू असतील तरच सेवा चालते. प्रत्येकीची उपलब्धता ९९.५ टक्के आणि त्यांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर संपूर्ण व्यवस्थेची उपलब्धता पाचांचा गुणाकार, म्हणजे सुमारे ९७.५ टक्के येते. वर्षाकाठी हे २१७ तास, म्हणजे नऊ दिवस झाले. प्रत्येक घटक वेगवेगळा पाहिला तर समाधानकारक आणि एकत्र पाहिला तर असमाधानकारक, अशी ही स्थिती आहे.

याउलट, दोन पर्यायी जोडण्या असतील आणि प्रत्येकीची उपलब्धता ९९ टक्के असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची संभाव्यता १०,००० त १ इतकी उतरते. परंतु या हिशेबात स्वातंत्र्याचे गृहीतक दडलेले आहे. दोन्ही तारा एकाच चरातून जात असतील तर रस्तारुंदीकरणाच्या यंत्राचा एक घाव दोन्ही तोडतो, आणि गुणाकाराला अर्थ उरत नाही. दोन सेवादात्यांची बिले येतात एवढ्यावरून दोन जोडण्या स्वतंत्र आहेत असे मानणे बरोबर नव्हे.

सूत्रातील ‘द’ कडे विशेष लक्ष दिले पाहिजे. दुरुस्तीच्या काळात दोन भाग असतात : बिघाड कळेपर्यंतचा आणि कळल्यानंतरचा. शनिवारी दुपारी झालेला बिघाड सोमवारी सकाळी तक्रार आल्यावर कळला आणि वीस मिनिटांत दुरुस्त झाला, तर ‘द’ वीस मिनिटांचा नसून सुमारे दोन दिवसांचा आहे. निरीक्षणाने बिघाडांची संख्या कमी होईलच असे नाही. परंतु हा पहिला भाग ते मिनिटांवर आणू शकते.

५. चाचणीपत्राची पद्धत

टपाल खात्यात पेट्या वेळेवर उघडतात की नाही आणि पत्रे किती दिवसांत पोचतात हे पाहण्यासाठी चाचणीपत्रे टाकण्याची जुनी रीत आहे. ई-मेलच्या बाबतीतही खात्रीची पद्धत तीच. संस्थेच्या बाहेरील एखाद्या यंत्राने ठराविक अंतराने, क्रमांक आणि वेळ घातलेले पत्र संस्थेच्या चाचणीपेटीकडे पाठवावे. दुसऱ्या कार्यक्रमाने सामान्य वापरकर्त्याप्रमाणे पेटी उघडून ते शोधावे. आणि दोन वेळांमधील अंतर नोंदवावे. ठरलेल्या मुदतीत पत्र न सापडल्यास तो बिघाड समजावा. या एका चाचणीत निर्देशिका, जोडणी, स्वीकृती, गाळणी, साठवण आणि वाचन या सर्व पायऱ्यांची परीक्षा होते. म्हणून तिसऱ्या प्रकारचा बिघाडही तिला चुकवू शकत नाही.

चाचणीपत्र खऱ्या पत्रासारखे असावे. केवळ रोमन लिपीतील एका शब्दाचे पत्र पोचले म्हणून देवनागरी विषयओळ आणि जोडपत्र असलेले पत्र पोचेल असे म्हणता येत नाही. २०१४ साली ‘.भारत’ हे क्षेत्रनाम देवनागरीत उपलब्ध झाले, आणि पत्ताच देवनागरीत असावा यासाठी लागणारा प्रेषणनियमाचा विस्तार २०१२ साली प्रसिद्ध झाला. परंतु तो विस्तार दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक सर्व्हरवर असावा लागतो. ज्या संस्थांचा व्यवहार हिंदी-मराठीत चालतो त्यांच्या चाचणीपत्रांत देवनागरीचा समावेश अगत्याचा आहे.

उलट दिशेची चाचणीही तितकीच आवश्यक आहे. एखाद्या वापरकर्त्याचा परवलीचा शब्द चोरीस गेला आणि त्याच्या खात्यातून हजारो अनिष्ट पत्रे बाहेर पडली, तर इतर सेवादाते त्या सर्व्हरची सर्वच पत्रे नाकारतात किंवा निमूटपणे बाजूला टाकतात. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी प्रेषकाची ओळख सिद्ध करणाऱ्या नोंदींविषयी नियम कडक केले आहेत. म्हणून बाहेरच्या मोठ्या सेवादात्यांकडे चाचणीपत्रे पाठवून ती मुख्य पेटीत पडतात की अनिष्ट पत्रांच्या पेटीत, हे पाहावे लागते.

६. विलंब आणि रांग

पत्र पोचते की नाही हा उपलब्धतेचा प्रश्न. किती वेळात पोचते हा कार्यमानाचा. कार्यमान सरासरीने सांगण्याची प्रथा आहे, परंतु ती दिशाभूल करते. समजा, १०० चाचणीपत्रांपैकी ९८ पत्रे ४ सेकंदांत आणि २ पत्रे ३० मिनिटांत पोचली. सरासरी विलंब सुमारे ४० सेकंद येतो. पण ४० सेकंदांत पोचलेले पत्र त्या शंभरात एकही नाही. मध्यक ४ सेकंद आहे, आणि ९९ वा शततमक १,८०० सेकंद. या दोन संख्या एकत्र दिल्या म्हणजे खरी स्थिती ध्यानात येते : बहुतेकांना सेवा उत्तम मिळते आणि काहींना फार वाईट. त्या काहींचे कारण शोधणे हे पुढचे काम.

गर्दीच्या वेळी विलंब कसा वाढतो याचे गणित रांगांच्या सिद्धांताने दिले आहे. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील ए. के. अर्लांग यांनी १९०९ साली या विषयाचा पाया घातला. सर्व्हरला एका पत्रास सरासरी अर्धा सेकंद लागतो, म्हणजे तो सेकंदाला २ पत्रे हाताळू शकतो असे मानू. पत्रांचे आगमन आणि हाताळणीचा काळ यादृच्छिक असल्यास, पत्राचा एकूण मुक्काम म्हणजे १ भागिले (हाताळणीचा वेग उणे आगमनाचा वेग). आगमन सेकंदाला १ असेल तर मुक्काम १ सेकंद, १.६ असेल तर २.५ सेकंद, १.९ असेल तर १० सेकंद, आणि १.९६ असेल तर २५ सेकंद. भार ५० वरून ८० टक्क्यांवर गेल्याने विलंब अडीचपट होतो; परंतु ९५ वरून ९८ टक्क्यांवर जाताच तोच आणखी अडीचपट होतो. प्रवेशाच्या किंवा निकालाच्या दिवशी ‘काल तर नीट चालले होते’ असे जे म्हटले जाते त्याचे उत्तर येथे आहे. काल सर्व्हर नीट चालला होता, पण काठावर.

जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेले सूत्र याहून सोपे आणि अधिक व्यापक आहे : रांगेतील पत्रांची सरासरी संख्या म्हणजे आगमनाचा वेग गुणिले मुक्कामाचा काळ. रांगेत सातत्याने १,९०० पत्रे दिसत असतील आणि सेकंदाला एक पत्र येत असेल, तर प्रत्येक पत्र सरासरी ३२ मिनिटे अडकत आहे. रांगेची लांबी पाहणे सर्वांत स्वस्त असते, आणि ती विलंबाची पूर्वसूचना देते. मात्र तिचा आकडा एकटा वाचू नये. रांग स्थिर आहे की वाढते आहे, हे महत्त्वाचे.

विलंब मोजावयाचा तर घड्याळे जुळलेली हवीत. प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर आपली वेळ नोंदवितो. त्या नोंदींची वजाबाकी केली म्हणजे कोणत्या टप्प्यावर वेळ गेला ते कळते. परंतु एक घड्याळ दोन मिनिटे पुढे असेल तर पत्र निघण्यापूर्वीच पोचल्याचे दिसते. संगणकांची घड्याळे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या कालसेवेशी जुळवावीत आणि नोंदी १८० दिवस जपाव्यात, असा निर्देश सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २०२२ च्या एप्रिलमध्ये दिला.

७. इशारा

चाचणी कितीदा घ्यावी आणि इशारा केव्हा द्यावा, यांत दोन दोषांची तडजोड असते. दर ५ मिनिटांनी चाचणी घेतल्यास दिवसात २८८ चाचण्या होतात. सर्व काही ठीक असतानाही शंभरात एक चाचणी किरकोळ कारणाने चुकत असेल, तर दररोज जवळजवळ तीन खोटे इशारे मिळतील. महिन्याभरात इशारा वाचणारा मनुष्य ते वाचणे सोडून देईल, आणि खरा इशाराही त्यात बुडेल. लागोपाठ तीन चाचण्या चुकल्या तरच इशारा द्यावा असे ठरविले, तर चुका स्वतंत्र असल्यास खोटा इशारा सुमारे साडेनऊ वर्षांतून एकदा येईल. मोबदल्यात खरा बिघाड १० ते १५ मिनिटांनी कळेल. ई-मेलच्या बाबतीत हा सौदा निःसंशय फायद्याचा आहे.

इशारा ई-मेलने पाठविण्याची चूक अनेक ठिकाणी होते. बंद पडलेला सर्व्हर आपल्या मृत्यूची वार्ता स्वतः पोचवू शकत नाही. इशारा भ्रमणध्वनीच्या संदेशाने किंवा अन्य स्वतंत्र मार्गाने गेला पाहिजे. पहारेकरी यंत्रही सर्व्हरच्याच खोलीत, त्याच विजेवर आणि त्याच तारेवर असू नये. घराबरोबर पहारेकरीही झोपतो. वर्ध्याच्या सर्व्हरचा पहारेकरी सुमारे ७५ किलोमीटरवरील नागपुरात किंवा त्याहून दूर असणे हिताचे. त्याने दररोज ठराविक वेळी ‘सर्व ठीक’ असा संदेश पाठवावा, म्हणजे तो संदेश न येणे हाच पहारेकऱ्याच्या बिघाडाचा इशारा ठरतो.

८. स्थानिक परिस्थिती

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेचे तापमान १८ ते २७ अंश असावे अशी अभियांत्रिकी शिफारस आहे. विदर्भातील घरोघरीचा कूलर येथे अपुरा पडतो. तो हवा गार करतो ती ओलावा वाढवून, आणि मृगाच्या तोंडावर हवाच दमट झाली की त्याचा प्रभाव ओसरतो. वीज गेल्यावर आधार देणाऱ्या शिशाच्या बॅटऱ्यांचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर सुमारे १० अंशांस निम्मे होते. म्हणून नवतपात खोलीचे तापमान, आणि वळवाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी बॅटरी प्रत्यक्ष किती मिनिटे भार पेलते, या दोन गोष्टी निरीक्षणाच्या यादीत असाव्यात. बॅटरीवरील हिरवा दिवा ही मौखिक ग्वाही होय, चाचणी नव्हे.

टपालाची सेवा दूरच्या कंपनीकडे सोपविली तर तापमान आणि बॅटरी यांची चिंता जाते; परंतु निर्देशिकेतील नोंदी, बाहेरची जोडणी, गाळणीचे नियम आणि ग्राहकांची यादी संस्थेकडेच राहते. चाचणीपत्राची गरज त्यामुळे संपत नाही.

९. समारोप

निरीक्षण म्हणजे पत्रे वाचणे नव्हे. लिफाफ्यावरील नोंदी, वेळा, संख्या आणि स्वतः टाकलेली चाचणीपत्रे एवढ्यावर वरील सर्व मोजमापे करता येतात. इतरांचा मजकूर उघडण्याचे कारण कोठेही पडत नाही. ही मर्यादा लेखी नियमाने घालून द्यावी, कारण ज्याला रांग दिसते त्याला पत्रही दिसू शकते.

मर्यादित साधने असलेल्या विभागाने आरंभ करावयाचा तर क्रम असा असावा : प्रथम बाहेरून येणारे एक चाचणीपत्र आणि स्वतंत्र मार्गाने जाणारा इशारा; नंतर बाहेर जाणाऱ्या पत्रांची चाचणी; त्यानंतर रांगेची लांबी आणि तबकड्यांवरील मोकळी जागा; आणि शेवटी विलंबाचे मध्यक व शततमक. यांपैकी पहिल्या पायरीला एक जुना संगणक आणि थोडे प्रोग्रॅमिंग यांहून अधिक काही लागत नाही. तिच्यामुळे न पोचलेले पत्र, ज्याची एरवी कोठेही नोंद होत नाही, ते प्रथमच मोजता येऊ लागते.